जे पायाखाली, ते पोटात

माऊ, परवा व्हिडिओ कॉलवर तू मला तुझी पाल दाखवलीस. लेस्टरमधली तुझी खोली, खोलीत काचेची पेटी, पेटीत लालभडक वाळू, वाळूवर प्लॅस्टिकचं निवडुंग आणि निवडुंगाखाली पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला तो जीव. लेपर्ड गेको. इंग्रजांनी बिबट्याचं नाव दिलं, तू ‘तिळ्या’ ठेवलंस. तुझं नाव जास्त बरोबर आहे. अंगावर कुणीतरी मूठभर तीळ सांडल्यासारखाच दिसतो. आजी मात्र ‘अगं बाई, पाल!’ म्हणून उठून गेली, ती कॉल संपेस्तोवर परत आली नाही.

तू विचारलंस, “आजोबा, कशी आहे त्याची रूम?” मी म्हणालो, झकास. खोटं बोललो, लेकरा. फोन ठेवल्यापासून ती लाल वाळू डोळ्यांपुढून हलेना.

जन्म गेला माझा पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकरीत. दवाखान्याची पेटी सायकलला लावून युसूफ वडगावच्या आसपासचे गोठे, खुराडी, शेळ्यांचे वाडे पालथे घातले. गोठ्यात शिरलं की मालक जनावराचं तोंड उघडून दाखवायचा. मी आधी खाली बघायचो. जमीन ओली आहे का, पाय घसरतो का, काय पसरलंय, वास कसला येतोय. निम्मा आजार तिथंच सापडायचा. तुझी पाल मी जन्मात हाताळलेली नाही. तुझ्या मामाला बसवून तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरांचं म्हणणं वाचून घेतलं. त्यातलं निम्मं मला आधीच ठाऊक होतं, कारण ते कोंबडीच्या पिल्लांनी मला शिकवलं होतं. आता सगळं एका जागी लिहितो. आई वाचून दाखवील.

आधी त्याचं गाव विचार

आपल्या गावात जमिनीचे दोन भाग मानतात. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. काळीत सोयाबीन येतं, तूर येते, पण काळीवर घर बांधत नाहीत. उन्हाळ्यात ती भेगाळते, हात जाईल एवढी. पावसाळ्यात फुगते आणि चप्पल धरून ठेवते. म्हणून गाव पांढरीवर बसवलं, माळवदावरही पांढरीच माती टाकली. गोठ्यात काळी माती कुणी शहाणा घालत नाही. मुरूम आणतात आणि धुम्मसानं चोपून बसवतात. म्हणजे कुणी कशावर राहावं, हा विचार आपल्या वाडवडिलांनी गाव वसवतानाच करून ठेवलेला आहे.

तिळ्याचंही असंच एक गाव आहे. त्याची जात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या देशाच्या वायव्य टोकाची. ‘वाळवंटातली पाल’ म्हटलं की दुकानदाराला जैसलमेरचे वाळूचे डोंगर दिसतात आणि तो वाळूची पिशवी काढून देतो. पण ही पाल वाळूच्या ढिगाची नव्हे. तिचा मुलूख खडकाळ: कडक झालेली माती, बारीक खडी, दगडाच्या फटी. दिवसा फटीत दडून राहायचं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडायचं.

त्याचे पाय नीट बघ. आपल्या भिंतीवरच्या पालीच्या बोटांना खाली चिकटणाऱ्या गाद्या असतात. तिळ्याला त्या नाहीत, नुसती नखं आहेत. तो भिंतीवर चढणार नाही, छताला लटकणार नाही. घरच्या पालीला पापण्या नसतात; याला आहेत, म्हणून तो तुझ्याकडं बघून डोळे मिटतो. भिंत त्याच्या कामाची नाही. चालणं, झोपणं, खाणं, हागणं, पोट शेकणं, सगळं जमिनीवरच. अशा जनावराची जमीन चुकली की सगळंच चुकलं.

जे पायाखाली, ते पोटात

हा खरा कानमंत्र. बाकीचे याची पोरंबाळं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नोकरीला जोड म्हणून मी एक दिवसाची शंभर पिल्लं आणली. पिल्लांखाली भाताचं तूस घालतात, पण आपल्याकडं भात कुठला? तूस बाहेरून यायचं, पैसे पडायचे. मी शहाणपणा केला. सॉ मिलमधून लाकडाचा पिठासारखा बारीक भुसा फुकटात आणला आणि अंथरला. मऊ, कोरडा, सोनेरी. आजी म्हणाली, गादीच की! तिसऱ्या दिवशी पिल्लं माना टाकायला लागली. गळ्याखालची पिशवी टम्म आणि दाबून बघितली तर कडक. मेलेलं एक पिल्लू फाडून बघितलं. आत दाणा नावालाही नव्हता. नुसता भुसा.

पिल्लाला खाणं आणि अंथरूण यातला फरक कळत नाही, माऊ. चोचीपुढं आलं ते उचललं. त्यावर इलाज होता दोन पैशांचा. तुसावर पहिले चार-पाच दिवस कागद पसरायचा, त्यावरच दाणे टाकायचे आणि कागद रोज बदलायचा. तेवढ्यात ते दाणा ओळखायला शिकतं. हे मला कुणीतरी सांगितलेलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

तिळ्या किड्यावर झेप घेतो तेव्हा तोंड उघडूनच पडतो. किडा सापडो न सापडो, वाळूचा घास ठरलेला. कोंबडीचं निदान एक बरं असतं. कलेजीबरोबर मटणवाला जो घट्ट गोळा देतो ना, ते तिच्या पोटातलं जातं. ती खडे गिळते आणि त्या खड्यांनी दाणा दळते. मोठ्या कोंबडीला थोडी खडी हवीच. तिळ्याच्या पोटात असं जातं नाही. वाळू जास्त गेली तर साठते आणि आतड्यात बोळा बसू शकतो. मग पाल खात नाही, हागत नाही, पोट फुगतं, मागचे पाय ओढत चालते. इथवर गोष्ट गेली तर आजोबाला फोन करू नकोस, आईला घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरकडं जा. पोट दाबून बघणं, तेल पाजणं, असले गावठी उपाय करायचे नाहीत.

तुझ्या पिशवीवर ‘कॅल्शियमची वाळू, पचते’ असं लिहिलंय म्हणालीस. अशी वाळू तर जास्त वाईट. तिला चव असते म्हणून जनावर ती मुद्दाम चाटतं आणि ओल लागली की तिचा गोळा होतो. अक्रोडाच्या टरफलांचा चुराही विकतात. त्याला धार असते. तोही नको. पिल्लाच्या आणि आजाऱ्याच्या खाली काय घालावं याची माझी परीक्षा साधी आहे. चिमटीत धर. ते त्याच्या तोंडात मावतं का? हो. पोटात विरतं का? नाही. मग ते पेटीत नको.

मातीत शोधतंय ते ताटात दे

एका बाईचं वासरू भिंत चाटायचं. पोपडे काढून खायचं. बाई त्याला मुसकं बांधायची. मी म्हणालो, मुसकं सोडा, खनिज मिश्रण सुरू करा आणि चाटण वीट टांगा. काही आठवड्यांत त्यानं भिंतीकडं बघणं सोडलं. वासराला मातीची हौस नव्हती. त्याच्या अंगात क्षार कमी पडले होते आणि जिथं मिळतील तिथं ते शोधत होतं.

तिळ्या वाळू चाटताना दिसला की हेच आठव. त्याला कॅल्शियम हवं असेल. एका छोट्या झाकणात साधी कॅल्शियमची पूड कायम ठेव. किडे खायला देण्याआधी त्यांनाही पुडीत घोळवून घे, आजी बोंबील रव्यात घोळवते तसे. जीवनसत्त्व डी-३ असलेली पूड कितीदा, ते डॉक्टर सांगतील. ती जास्त झाली तरी अपाय होतो.

आणि वाढायचं कुठं? जमिनीवर नाही. अळ्या गुळगुळीत काठाच्या वाटीत दे, म्हणजे त्या चढून बाहेर येणार नाहीत. किडा चिमट्यानं तोंडाशी धर. अशानं तिळ्या जमिनीवर तोंड मारणार नाही आणि तुझ्या हाताला ओळखेल. शिवाय उरलेले किडे रात्री पेटीत मोकळे सोडायचे नाहीत. निजलेल्या पालीला ते कुरतडतात.

पाय धरेल अशी जमीन

पिल्लांखालच्या कागदावरून माझी दुसरी चूक आठवली. पुढच्या खेपेला मी कागद घातला, पण तो गुळगुळीत, रंगीत पुरवणीचा. पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकायला लागले. कोवळी हाडं असतात. पाय घसरत राहिला की सांधा तसाच वळतो आणि पिल्लू पुन्हा उभं राहत नाही. तेव्हापासून मी खरखरीत कागदच वापरला. गाई-म्हशींचंही तेच. हौसेनं गोठ्यात घोटीव शहाबादी घालतात, धुवायला सोपी म्हणून. मग गाभण गाय घसरते आणि मालक डोक्याला हात लावून बसतो.

तुझ्या पेटीला फरशीच चांगली, पण खरखरीत. तिकडं पाटीच्या दगडाची मिळते. पाटी तू बघितली नाहीस. तुझ्या आईनं तिच्यावर बाराखडी गिरवली आहे. हा दगड ऊब धरतो, पुसता येतो, पोटात जात नाही आणि त्यावर चालून नखंही झिजतात. दोन फरश्यांमध्ये फट ठेवू नकोस. किडे तिथं लपतात आणि पालीचं बोट अडकतं. फरशी डुगडुगत असेल तर खाली कागदाची घडी घाल. वर जड दगड ठेवायचा असेल तर तो टेकलेला बघ. तिळ्या खाली शिरला आणि दगड बसला असं व्हायला नको.

पेटीसाठी गालिचाही विकतात. दिसायला सुरेख. पण त्याच्या धाग्यांच्या फासात नख अडकतं, आणि घाण आत मुरते ती धुऊन निघत नाही. कोंबडीच्या पायाला दोरा गुंडाळला तर बोट काळं पडून गळतं, हे मी कितीदा तरी बघितलंय. ही पारख घरच्या घरी होते. बाबांचा जुना नायलॉनचा मोजा हातात घाल आणि जमिनीवरून, दगडावरून, लाकडावरून फिरव. जिथं मोजा अडकेल तिथं तिळ्याचं नख किंवा कातडी अडकेल. मोजा फाटला तर बाबांना माझं नाव सांग.

ऊब हातानं नाही, जमिनीवर मोज

एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरेनहाइट ऊब लागते. पुढं दर आठवड्याला पाच-पाच अंश कमी करत जायचं. आम्हाला थर्मामीटर लागायचाच असं नाही, पिल्लंच सांगायची. सगळी दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय. दिव्यापासून लांब कडेला पळाली तर उकडतंय. सारखी पसरून खेळत असली तर दिवा बरोबर आहे.

तिळ्या एकटा आहे. त्याच्याकडं बघून एवढं कळणार नाही. म्हणून पेटीला दोन टोकं हवीत. एका टोकाला ऊब: तिथल्या जमिनीचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस. दुसरं टोक गार: २४ ते २६. दोन्हीकडं लपायला जागा. मग कुठं बसायचं ते तो ठरवील. थर्मामीटर काचेला वर चिकटवला असशील तर काढ. काचेचं तापमान घेऊन काय करायचंय? तिळ्या जिथं पोट टेकतो तिथलं घे.

जमीन आणि ऊब यांचं नातं इथं कळतं. पेटीखाली तापणारा पॅड असेल आणि वर तू चार बोटं वाळू ओतलीस, तर ऊब वर येतच नाही, खालीच कोंडते. वरून तिळ्या गार आणि खाली पॅड भाजून निघतो. उकरत तळाशी गेला तर पोट पोळेल. पॅडवर पातळ फरशी चालते, जाड थर नाही. आणि पॅड असो की दिवा, तापमान ठरलेल्या आकड्यावर थांबवणारा थर्मोस्टॅट हवाच. तो नसेल तर या महिन्याच्या खाऊचे पैसे त्यात घाल, मी पुढच्या महिन्यात भरून देईन.

एक लक्षात ठेव. थंड पोटात अन्न जिरत नाही. पालीच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, ती जमिनीकडून घेते. नीट शेकलेल्या पालीच्या पोटातून चुकून गेलेला खडा बाहेरही पडेल. गारठलेल्या पालीला तोच खडा जड जातो.

ओल एका जागी, बाकी कोरडं

खुराड्यातली ओल ओळखायची आमची रीत ऐक. तुसाची मूठ घे, घट्ट दाब आणि उघड. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हात उघडताच धुरळा उडाला तर फार कोरडं. पिल्लं शिंकत बसतात. गोळा होतोसा वाटून हळूच मोडला की बरोबर. ओल आणि ऊब एकत्र आली की पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिचे जंतू ओल्या तुसातच दोन दिवसांत तयार होतात. एका पावसाळ्यात मी भुईमुगाची टरफलं पसरली. वरून खडखडीत होती, पोत्याच्या तळाशी बुरशी आलेली. पिल्लं चोची उघडून धापा टाकायला लागली, आवाज न करता. बुरशी फुप्फुसात गेली होती. त्याला औषध नव्हतं. पोतं तळापासून उपसून बघायला मला तेव्हा पाच मिनिटं लागली असती.

तिळ्याची पेटी कोरडी ठेव. पण एक कोपरा ओला लागतोच. तिळ्या कात टाकतो ना? टाकतो आणि स्वतःच खातो, घाबरू नकोस. कोरड्या हवेत कात बोटांच्या टोकांना चिकटून राहते, सुकते, आवळते आणि बोट गळून पडतं. म्हणून झाकणाचा एक डबा घे, त्याला तो आत जाईल एवढं भोक पाड, कडा मेणबत्तीनं नको, कानशीनं गुळगुळीत कर. आत ओलसर कागद किंवा शेवाळ ठेव. तो डबा त्याची मोरी समज. घरात मोरी ओली असते, माजघर कोरडं. दोन-तीन दिवसांनी कागद बदल आणि कात टाकून झाली की बोटं मोज.

पहिले दिवस कागदावर, आणि हागणं वाचायला शीक

नवीन शेळी आणली की आम्ही ती कळपात सोडत नाही. वेगळी बांधतो, लेंडी बघतो, मग आत घेतो. तिळ्या नवीन आहे, लहान आहे. त्यामुळं आजच वाळू काढ आणि तूर्त स्वयंपाकघरातला पांढरा टिशू-कागद घाल. रंगीत, सुवासिक नको. पेटी ओकीबोकी दिसेल. दिसू दे. पेटी तुझ्या मैत्रिणींना दाखवायची आहे, पण राहायचंय तिळ्याला.

पांढऱ्या कागदाचा खरा फायदा म्हणजे सगळं दिसतं. पालीची एक सवय तुला आवडेल. तिळ्याच्या जातीची पाल बहुधा हागायला एकच कोपरा धरते. तो कोपरा ओळख आणि तिथला कागद रोज बदल. बदलण्याआधी बघ. काळपट घट्ट लेंडी आणि तिला पांढरं टोक, अगदी कोंबडीच्या शिटेसारखं. कारण एकच: पाल काय, कोंबडी काय, दोघी आपल्यासारखं पातळ लघवी करत नाहीत, ती पांढऱ्या खडूसारखी टाकतात. टोक पांढरं आणि मऊ असेल तर पाणी पुरतंय. पिवळं आणि कडक असेल तर पाणी कमी पडतंय. लेंडी पातळ, दुर्गंधीची, रक्ताची किंवा वाळू मिसळलेली असेल तर डबीत घालून डॉक्टरकडं ने. एका वहीत तारीख लिही: खाल्लं काय, हागला का, वजन किती. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरेल, पण त्याच्यासाठी वेगळा डबा ठेव. तुझी आई माझी लेक आहे, पिठाच्या काट्यावर पाल बघून काय करील ते मला माहीत आहे.

वास गुडघे टेकून घे

मोठ्या शेडवर तपासणीला साहेब यायचे, उभ्यानं वास घ्यायचे आणि म्हणायचे, ठीक आहे. मी त्यांना म्हणायचो, साहेब, बसा जरा. पिल्लांच्या उंचीवर नाक नेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. ओल्या शिटेतून निघणारा अमोनिया जमिनीलगतच जास्त असतो आणि पिल्लं तिथंच राहतात.

तूही पेटीचं झाकण उघडून तिळ्याच्या उंचीवर नाक ने. वास आला तर सफाई कमी पडतेय. फिनेल, डांबरी वासाची औषधं यांनी पेटी पुसायची नाही. सरपटणाऱ्या जिवाला ती विषारी असतात. गरम पाणी, डॉक्टर सांगतील ते सौम्य औषध, पुन्हा साधं पाणी आणि पूर्ण वाळवणं. देवदाराचा, पाइनचा लाकडी चुरा सुवासिक असतो म्हणून घालतात, पण त्याचा तेलकट वासच पालीला बाधतो. आपल्याला छान वाटणारा वास जनावरालाही छान वाटेल असं नाही. आणि दर वेळी हात साबणानं धू. पाल निरोगी दिसली तरी तिच्या पोटात साल्मोनेला जंतू असू शकतो आणि लहान मुलांना त्यानं जोराचे जुलाब लागतात. पेटीतली भांडी ताटवाट्यांच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत.

मोठा झाला की माती, पण चोपून

‘म्हणजे बिचाऱ्यानं जन्मभर कागदावरच राहायचं का?’ असं तू विचारणार. नाही. ही पाल पंधरा-वीस वर्षं जगते. तू नोकरीला लागशील तेव्हाही ती असेल. एवढ्या वर्षांत तिला उकरायला मिळालं तर बरंच. मी काही मातीच्या विरोधात नाही, माती हेच आमचं खाणं. सैल, सुट्टी वाळू वेगळी आणि बसलेली जमीन वेगळी.

तिळ्या पूर्ण वाढला, नीट खातोय, नीट हागतोय, ऊब वरच्या दिव्याची आहे, अशी सगळी बेरीज जुळली की मग हे कर. खत, औषध किंवा पांढरे हलके दाणे न मिसळलेली साधी माती सात वाट्या आणि धुतलेली खेळायची वाळू तीन वाट्या. चाळून घे, खडे-काटक्या काढ. ओलसर करून पेटीच्या तळाशी चार बोटं पसर आणि मुठीनं चोप. आमचा धुम्मस तिकडं नसेल, जाड पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चालेल. मग तिळ्याला कागद घातलेल्या डब्यात ठेवून पेटी उघडी वाळू दे, दोन-चार दिवस, पूर्ण. बोटानं दाबलं तर खड्डा पडू नये, नखानं खरवडलं तर निघावी, अशी जमीन झाली म्हणजे ती त्याच्या गावच्या जमिनीसारखी झाली. त्यात सपाट दगड अर्धे रोव. वाढायचं मात्र वाटीतच. आणि पुन्हा आजारी पडला की परत कागदावर.

शेवटचं

तुमच्या देशात २००६ साली प्राण्यांच्या कल्याणाचा कायदा झाला. मामानं वाचून दाखवला. पाळलेल्या जिवाच्या ज्या गरजा त्यात लिहिल्यात, त्यात खाण्याच्याही आधी पहिलं नाव आहे योग्य जागेचं. मला बरं वाटलं. सायकलवरून फिरत मी तेच सांगत होतो.

आणि मे महिन्यात गावी याल तेव्हा रानात पाल, घोरपड दिसली तर बघायची, धरायची नाही. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपड धरणं मोठा गुन्हा आहे. तिळ्याच्या कुळातल्या पाली आपल्या राज्यातही आहेत. सातपुड्यातली एक जात तर २०१४ साली नव्यानं नोंदवली गेली. लोक त्यांना विषारी समजून दगडानं ठेचतात. त्यांच्यात विष अजिबात नसतं. हे तू आल्यावर शाळेतल्या पोरांना सांग, माझं ऐकत नाहीत.

हे पत्र अर्धं झालं होतं तेव्हा मी मामाकरवी तुला एकच ओळ पाठवली होती: वाळू काढ, कागद घाल. आज सकाळी चहा घेताना तुझा फोटो आला. पांढरा कागद, कोपरा आणि कोपऱ्यात काळी लेंडी. खाली लिहिलंस, ‘आजोबा, बघा!’ मी चष्मा लावून फोटो मोठा केला. आजीला दाखवला. ती म्हणाली, चहाच्या वेळेला काय दाखवताय? पण तीही वाकली.

टोक पांढरं होतं.